वाचकांचे प्रश्न : ट्रम्पेट शिकवताना, ट्रम्पेटचा रियाज करताना

ट्रम्पेटविषयी आलेल्या पत्रांतले सात प्रश्न या अंकात घेतले आहेत. उत्तरांतली स्वरांची नावं बी-फ्लॅट ट्रम्पेटच्या नोटेशनप्रमाणे आहेत. एकही व्हॉल्व्ह (बोटांनी दाबायची कळ) न दाबता वाजणारा खालचा सी म्हणजे हार्मोनियमची काळी पाच, हे धरून चला. व्हॉल्व्हचे आकडे वाजवणाऱ्याच्या बाजूने मोजलेले आहेत.

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेत बँड सुरू होतो आहे. बारा मुलं, सहा ट्रम्पेट आणि आठवड्याला दोन तास मिळतात. मी स्वतः क्लॅरिनेट वाजवतो. पहिल्या महिन्यात मुलांना नेमकं काय शिकवावं? – संगीत शिक्षक, सांगली जिल्हा

बारा मुलांत सहा वाद्यं असणं सुरुवातीला सोयीचंच आहे. जोड्या लावा. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने मोठ्याने मात्रा मोजायच्या आणि हवेत बोटं फिरवायची, मग अदलाबदल. नवशिक्याच्या ओठांना जेवढं वाजवणं तेवढाच विसावा लागतो, आणि या पद्धतीत तो न मागता मिळतो. माऊथपीस मात्र प्रत्येकाचं वेगळं हवं. ते अगदीच जमत नसेल तर दर वेळी साबण आणि कोमट पाण्याने धुऊनच दुसऱ्याच्या हाती द्या. ज्या माऊथपीसचा मुलामा उडून कडेला पितळ दिसतंय, ते मुलांना देऊ नका. उघड्या पितळेने ओठांना चट्टे येतात.

क्लॅरिनेटवाल्या शिक्षकांनी दोन सवयी बाजूला ठेवायला हव्यात. क्लॅरिनेटला खालचा ओठ दातांवर दुमडतो आणि कंप रीडचा असतो. इथे कंप ओठांचाच, म्हणून ओठ आत दुमडायचे नाहीत. 'म' म्हणताना मिटतात तसे मिटायचे, कोपरे घट्ट आणि मध्य मोकळा. दुसरं म्हणजे, ट्रम्पेटवर एकाच बोटांवर अनेक स्वर निघतात. काही न दाबता खालचा सी, जी, वरचा सी, ई, जी हे सगळे वाजतात. कोणता स्वर येणार हे बोटं ठरवत नाहीत, तो आधी कानात असावा लागतो. म्हणून प्रत्येक स्वर वाजवण्याआधी मुलाकडून गाऊन घ्या. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मेस्त्र, म्हणजे संगीत शिकवणारे गुरुजी, वाद्य हाती देण्याआधी सोल्फा (डो-रे-मी अशी पाश्चात्त्य सरगम) म्हणायला शिकवत, आणि तिथून वाद्यवृंदात गेलेल्या वादकांना त्याचा उपयोग आयुष्यभर झाला. तुमच्या मुलांना सरगम येत असेल तर अर्धं काम झालंच आहे.

पहिल्या आठवड्यात वाद्य पेटीतच राहू द्या. चार मात्रांत श्वास, चार मात्रांत सोडणं, खांदे खाली. मग नुसते ओठ वाजवणं, मग फक्त माऊथपीस. माऊथपीस दांड्याच्या टोकाशी अंगठा आणि दोन बोटांनी धरायला लावा. तिथे धरलं की ओठावर दाबताच येत नाही. त्यावर सूर वर-खाली घसरत नेता आला पाहिजे.

दुसऱ्या आठवड्यात वाद्य द्या, पण व्हॉल्व्हना हात लावू देऊ नका. काही मुलांचा जी आधी येईल, काहींचा खालचा सी. जो येईल तो त्या दिवशीचा स्वर. इथे घाई करून 'जीच पाहिजे' म्हटलं की मूल ओठ ताणतं आणि दाबतं, आणि ती सवय पुढे वर्षभर सुटत नाही.

तिसऱ्या आठवड्यात जीभ, म्हणजे 'त' म्हटल्यासारखा जिभेने स्वर सुरू करणं, आणि पाच स्वर घ्या : सी मोकळा, डी पहिला-तिसरा, ई पहिला-दुसरा, एफ पहिला, जी मोकळा. सा रे ग म प म्हणूनच शिकवा. डीला तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड (सरकणारी नळी) बोटाने साधारण १ ते १.५ सेंटिमीटर बाहेर ढकलायची असते. पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबले की नळी हवी त्यापेक्षा थोडी आखूड पडते आणि सूर चढतो. हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर कान त्या चढ्या डीला सरावतो. चौथ्या आठवड्यात या पाच स्वरांतल्या छोट्या चाली. मुख्याध्यापक राष्ट्रगीत मागतील. पाच स्वरांत ते मावत नाही, तेव्हा थोडा धीर धरायला सांगा.

माऊथपीस आडवं मध्यावर, उभं साधारण निम्मं-निम्मं किंवा वरच्या ओठावर थोडं जास्त. दातांच्या ठेवणीप्रमाणे एखाद्याचं जरा बाजूला बसतं, ते ओढून मध्ये आणू नका. फक्त कडेचा भाग वरच्या ओठाच्या लाल भागावर टेकत नाही ना, एवढं पाहा. गाल फुगणं, हसल्यासारखे कोपरे मागे ओढणं, वाद्याचं तोंड जमिनीकडे झुकणं या तीन गोष्टींवर पहिला महिनाभर तुमची नजर असू द्या.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. शाळा आणि क्लास सांभाळून तिला ट्रम्पेटला रोज अर्धा तासच मिळतो. शिकवणारे सर 'भरपूर रियाज कर' म्हणतात. एवढ्या वेळात प्रगती होईल का? – एक आई, ठाणे

होईल, अर्धा तास रोजचा असेल तर. रविवारी सलग साडेतीन तास वाजवून तो भरून निघत नाही. ओठांभोवतीचा स्नायू लहान असतो, तो थोड्या-थोड्या कामाने आणि मधल्या विश्रांतीने तयार होतो. शक्य असेल तर १५-१५ मिनिटं सकाळ-संध्याकाळ अशी वाटणी आणखी चांगली.

अर्ध्या तासाचा क्रम असा ठेवा. पहिली २ मिनिटं श्वास आणि सैल ओठांचं फुर्रर. नंतर ३ मिनिटं फक्त माऊथपीस. मोबाइलवरचा तानपुरा काळी पाचला लावायचा आणि माऊथपीसवर त्याचा सा आणि प शोधायचा.

मग ५ मिनिटं लांब स्वर, आणि इथे जरा खोलात जायला हवं. मेट्रोनोम (मात्रा मोजणारं टिकटिक यंत्र) मिनिटाला ६० वर. मधला जी आठ मात्रा वाजवायचा, आठ मात्रा ट्रम्पेट ओठावरून पूर्ण खाली घ्यायचा. मग एफ शार्प, एफ, ई, ई-फ्लॅट, डी, डी-फ्लॅट, सी असं अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली. बोटं क्रमाने मोकळी, २, १, १-२, २-३, १-३, १-२-३, मोकळी. एक फेरी सव्वादोन मिनिटांच्या आत होते, दोन फेऱ्या करायच्या. आवाज बोलण्याएवढाच. ऐकायचं काय, तर स्वराची सुरुवात धक्का न देता होते का, मधे तो थरथरतो का, आणि शेवटच्या दोन मात्रांत तो उतरतो का. शेवटी उतरत असेल तर श्वास अपुरा घेतला आहे. सुरुवातीला फक्त हवा येऊन स्वर उशिरा उमटत असेल तर ओठ फार दूर आहेत किंवा जीभ हवेच्या आधी हलते आहे. हा आपल्या खर्जाचाच रियाज. कंटाळवाणा वाटतो म्हणून मुलं तो गाळतात, पण नाद इथेच घडतो.

पुढची ५ मिनिटं जीभ न लावता ओठांनी स्वर बदलणं. मोकळ्यावर जी–सी–जी, तेच दुसऱ्या व्हॉल्व्हवर, मग पहिल्यावर, आणि वरच्याच क्रमाने सातही बोटांवर. मग ३ मिनिटं वाद्य खाली. या वेळात पाणी प्यावं, पुढच्या धड्याची बोटं हवेत म्हणावीत, पण ओठाला काही लावू नये. ही ३ मिनिटं रियाजातच मोजायची.

उरलेल्या बारा मिनिटांतली ५ एका स्केलला द्यावीत. आठवडाभर एकच स्केल, कधी जिभेने तर कधी जोडून. ५ मिनिटं धड्यातल्या अडणाऱ्या दोन ते चार मापांना (नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधला भाग म्हणजे एक माप). अख्खा धडा पहिल्यापासून वाजवत सुटणं हा वेळेचा सर्वांत मोठा अपव्यय, कारण सोपा भाग रोज वाजतो आणि अवघड भागाशी पोचेपर्यंत ओठ थकलेले असतात. अडणारं माप सावकाश, लागोपाठ तीनदा स्वच्छ आलं की मेट्रोनोम ४ ने वाढवायचा, अडलं की ८ ने खाली. शेवटची २ मिनिटं खालचे स्वर अगदी हळू, मग पेटी बंद.

वहीत तारीख, स्केल आणि मेट्रोनोमचा आकडा लिहायला सांगा. 'भरपूर' म्हणजे किती हे तेराव्या वर्षी मुलांना कळत नाही, ते शिक्षकांनी लिहून द्यायला हवं. सरांना नम्रपणे तेवढं मागा.

प्रश्न : मी लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. नोटेशनच्या पाच रेघांवरचा जी आणि ए पहिला अर्धा तास छान लागतात, मग फुटतात. ओठ बधिर होतो आणि वरात अजून तासभर बाकी असते. माऊथपीस बदलू का? – एक वादक, कोल्हापूर

आधी माऊथपीस बदलू नका. तुमच्या पत्रातली लक्षणं दाबाची आहेत. वाजवून झाल्यावर आरशात ओठावर गोल वण खोल दिसतो का आणि बराच वेळ टिकतो का, ते पाहा. माऊथपीस ओठावर दाबलं की तिथला रक्तपुरवठा अडतो, स्नायू लवकर थकतो, थकला की आणखी दाबावं लागतं आणि कंप होणारा भागच चेपला जातो. मग वरचा स्वर फुटतो किंवा नुसती हवा येते. वरचा स्वर वेगवान हवेने आणि जिभेच्या उंचीने येतो. 'आ' म्हणताना जीभ खाली असते, 'ई' म्हणताना वर जाते. तोच फरक आत करायचा आणि कोपरे जागेवर धरायचे.

उजव्या हाताची करंगळी वर असलेल्या आकड्यातून (हुकातून) काढून नुसती नळीवर टेकवा. तो आकडा पान उलटताना वाद्य एका हाताने धरता यावं म्हणून असतो, वाजवताना त्याने वाद्य तोंडाकडे ओढलं जातं. एवढ्याने पुष्कळांचा दाब कमी होतो. मग घरी रोज दहा मिनिटं वाद्य फक्त डाव्या हाताने धरून, उजवा हात मोकळा सोडून, जी–सी–जी आणि सी–ई–सी हळू आवाजात वाजवा. त्यानंतर अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर जा आणि ज्या स्वराला दाबावंसं वाटतं तिथे थांबा. तीन आठवडे त्याच्या अर्धा स्वर खालीच काम करा. वरची सीमा आपोआप सरकते. रोज तिला धडका देऊन सरकत नाही.

वरातीच्या दिवसाची आखणीही बदला. निघण्याआधी आठ-दहा मिनिटं खालचे स्वर हळू. दोन ट्रम्पेट असतील तर मुखडा दोघांनी, अंतरे आलटून-पालटून. गाणं ओळखू येण्याला अंतऱ्यात एकच ट्रम्पेट पुरतो. दुसऱ्या ट्रम्पेटने वरचा स्वर एक सप्तक खाली घेतला तर कोणाचं काही बिघडत नाही. ढोल आणि ड्रम यांच्या अगदी शेजारी चालू नका. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत दुप्पट फुंकतो. कानांत फोमचे बोळे घाला, कानांनाही ते हवेत. चालता-चालता वाजवताना टाच आधी टेकवून पाऊल पुढे उतरवा. पाय आपटला की माऊथपीस दातावर आदळतं.

मोठ्या वरातीच्या दुसऱ्या दिवशी फक्त १५ मिनिटं, खालच्या सप्तकात, हळू. बधिरपणा दोन-तीन दिवसांत गेला नाही किंवा ओठात एका जागी टोचल्यासारखं दुखत असेल तर वाजवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. तिथे 'थोडं वाजवून मोकळं करू' हा विचार धोक्याचा.

एवढं सगळं करूनही माऊथपीस बदलायचंच असेल तर बाख कंपनीचे आकडे उलटे असतात हे लक्षात ठेवा : आकडा लहान तितकं तोंड मोठं. ७ सी वरून ३ सी वर गेलात तर नाद भरतो, पण वरचे स्वर त्याने सोपे होत नाहीत.

प्रश्न : हार्मोनियमबरोबर वाजवताना सूर जुळत नाही. पेटीवाले पांढरी चार सांगतात, मी काय धरू? – भजनी मंडळातील वादक, नाशिक

पांढरी चार म्हणजे तुमचा जी. नियम एकच : पेटीवरचा जो स्वर असेल त्याच्या पूर्ण एक स्वर वर तुमचं नोटेशन. पेटीची पांढरी एक तुमचा डी, काळी एक तुमचा ई-फ्लॅट, काळी चार तुमचा बी-फ्लॅट, काळी पाच तुमचा सी. हे चार पाठ करा, भजनात बहुतेक वेळा पुरतील.

पट्टी बरोबर असूनही खटकत असेल तर मुख्य ट्यूनिंग स्लाइड पाहा. ती पूर्ण आत ढकलून वाजवणारे खूप असतात. पेटी सूर बदलू शकत नाही, बदलायचं तुम्हालाच. स्लाइड १ सेंटिमीटर ओढली की नळी दोन्ही बाजूंनी मिळून २ सेंटिमीटर वाढते आणि सूर अर्ध्या स्वराच्या साधारण पाव हिश्शाने उतरतो. बहुतेक वाद्यांना १ ते १.५ सेंटिमीटर बाहेर लागतेच. थंड वाद्याचा सूर उतरलेला असतो, म्हणून पाच मिनिटं वाजवून, नळी गरम झाल्यावर मिळवा. पहाटेच्या काकड्याला मिळवलेलं वाद्य दुपारच्या दिंडीत चढलेलं मिळेल. मोकळा वरचा ई मुळातच थोडा उतरलेला असतो, आणि खालचा डी-फ्लॅट खूपच चढा, त्याला तिसरी स्लाइड डीपेक्षाही जास्त बाहेर हवी.

प्रश्न : फ्लॅटमध्ये रियाज करतो. शेजाऱ्यांची तक्रार आल्यावर प्रॅक्टिस म्यूट घेतला, पण आता उघडा ट्रम्पेट वाजवताना आवाज खरखरतो. – विद्यार्थी, डोंबिवली

प्रॅक्टिस म्यूट वाद्याचं तोंड जवळजवळ बंद करतो. हवा मागे अडते, सूर चढतो, आणि तुम्ही त्या अडथळ्याला टेकून फुंकायला शिकता. उघड्या वाद्यात तो टेकू नसतो, म्हणून खरखर. म्यूट फक्त बोटांच्या कामाला आणि स्केलला वापरा, तोही निम्म्याहून कमी वेळ. लांब स्वर उघड्या वाद्यावरच करा : कपाटाचं दार उघडून टांगलेल्या कपड्यांकडे वाद्याचं तोंड करा आणि हळू वाजवा. शेजाऱ्यांशी बोलून संध्याकाळचा एक ठरावीक अर्धा तास मागून घ्या. वेळ ठरलेली असली की लोक सहन करतात.

प्रश्न : दुहेरी जीभ कधी आणि कशी सुरू करावी? माझा 'क' येतच नाही. – वाचक, पणजी

दुहेरी जीभ म्हणजे जलद स्वरांसाठी 'त' आणि 'क' आळीपाळीने वापरणं; एकेरीत फक्त 'त'. एका मात्रेत चार स्वर एकेरी जिभेने मेट्रोनोम १०० च्या आसपास स्वच्छ येऊ लागले की सुरू करा. त्याआधी केलं तर एकेरी जीभ कच्ची राहते.

पॅरिसच्या आर्बां यांच्या कॉर्नेटच्या १८६४ सालच्या ग्रंथात दुहेरीसाठी 'तू-कू' आणि तिहेरीसाठी 'तू-तू-कू' दिलं आहे. तबल्याचे बोल म्हणणाऱ्याला 'तक तक' आणि 'ततक ततक' वेगळं शिकावं लागत नाही. फक्त एक काळजी घ्या. आपला 'त' दातांना लागतो आणि जोरात म्हटला तर जीभ दातांच्या फटीत येते. ट्रम्पेटला टोक वरच्या दातांच्या मुळाशी, हिरडीजवळ लागावं.

'क' येत नाही कारण तो एकटा कधी वाजवलाच जात नाही. दोन आठवडे मधल्या जीवर फक्त 'का का का का' वाजवा, मेट्रोनोम ६०, मात्रेला दोन. कुरूप वाटेल, तरी करा. घशाच्या फार मागे न जाता 'की' कडे झुकणारा 'क' घेतला तर हवा तुटत नाही. मग 'का-ता' असं उलटं, आणि शेवटी 'ता-का'. रोज तीन-चार मिनिटं पुरे.

प्रश्न : जुना ट्रम्पेट विकत घेतोय. काय तपासावं? नंतर देखभाल कशी करावी? शिवाय मुलगा आठ वर्षांचा आहे, लवकर तर होत नाही ना? – पालक, पुणे

वरचे समोरचे कायमचे दात आले असतील आणि हलत नसतील तर आठ-नऊ वर्षांचं मूल सुरू करू शकतं. वाद्याचं वजन साधारण १ किलो असतं, हात थकत असेल तर आखूड बांध्याचा कॉर्नेट किंवा प्लॅस्टिकचा ट्रम्पेट सोपा पडतो. पुढे दातांना तारा लागल्या तर त्यावर मेणाची पट्टी लावून, काही आठवडे फक्त खालचे-मधले स्वर वाजवायचे. तारा निघाल्यावरही बसवलेली जागा पुन्हा शोधावी लागते.

जुन्या वाद्यात पोचे पाहण्याआधी व्हॉल्व्ह पाहा. व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड झटकन बाहेर ओढा. 'पॉक' असा आवाज आला तर व्हॉल्व्ह हवा धरतो. आवाज नाही आला तर झीज झाली आहे, आणि तिची दुरुस्ती महाग. तिन्ही व्हॉल्व्ह दाबून सोडल्यावर न अडकता वर यावेत. चारही स्लाइड हलतात का बघा. भोंग्यावरचा पोचा नादाला फारसा त्रास देत नाही, माऊथपीसपासून निघणाऱ्या पहिल्या नळीतला देतो. त्या नळीवर गुलाबी-तांबूस ठिपके असतील तर पितळ आतून कुजतंय, घेऊ नका. मेरठच्या जाली कोठी भागात बनलेली वाद्यं देशभरातल्या बँडांत आहेत. घेताना नावावर न जाता प्रत्येक नग याच पद्धतीने तपासा.

देखभालीत रोजचं काम दोन मिनिटांचं. वाजवण्याआधी तोंड खळखळून धुवायचं, कारण वडापावचे कण आणि चहाची साखर पहिल्या नळीत थर धरतात. प्रत्येक व्हॉल्व्हला ३-४ थेंब व्हॉल्व्ह ऑइल. व्हॉल्व्हवर १, २, ३ कोरलेलं असतं. अदलाबदल झाली तर हवाच पुढे जात नाही आणि मुलाला वाटतं वाद्य मेलं. महिन्यातून एकदा व्हॉल्व्ह काढून, त्यांचे नमदे (मऊ लोकरी चकत्या) वेगळे ठेवून, बाकी वाद्य कोमट पाण्यात एक चमचा भांड्यांचं द्रावण घालून २० मिनिटं बुडवा आणि लवचिक ब्रश नळ्यांतून फिरवा. कढत पाण्याने लॅकर (पितळेवरचा चकाकीचा थर) निघतो. चिंच किंवा पितळेची पावडर लॅकरवर कधीच नको.

माऊथपीस अडकलं तर पकड लावून पिळू नका. नळीचा झाळ सुटतो. दुरुस्तीवाल्याकडे माऊथपीस ओढायचं स्क्रूचं साधन असतं, काम मिनिटाचं आहे. मुलं तळहाताने थापटून माऊथपीस बसवतात, त्यानेच ते अडकतं. ते नुसतं ठेवून पाव वळसा फिरवलं की पुरतं.